तपासणाऱ्याची सही

त्या रविवारी आजोबांना ऐंशी पूर्ण झाली आणि सकाळपासून घरात जो तो दुसऱ्याच्या पायात येत होता. आजोबा मात्र इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून टेबलाच्या टोकाशी मटार सोलत बसले होते. ज्याचा वाढदिवस त्यालाच कामाला लावलं असं दिसू नये म्हणून सुनेने दोनदा वाडगा ओढून नेला, आणि दोनदा त्यांनी तो परत आणला.

"हात रिकामे राहिले की मला म्हातारं झाल्यासारखं वाटतं."

"ऐंशीला नाही वाटायचं तर कधी वाटायचं, अण्णा?"

"बघू. नव्वदीला विचार करतो."

छत्तीस वर्षं औषधांच्या कंपनीत गोळ्यांच्या मशीनवर काम केलेले हात होते ते. शेंगेतला सुरकुतलेला दाणा ते न बघता, नुसत्या बोटांनी ओळखून बाजूला टाकत होते. कंपनीत त्यांना गोळीमास्तर म्हणत. मशीनमधून पडलेली गोळी कानाशी धरून मोडायचे आणि म्हणायचे, "दाब थोडा वाढव." पुढे तो दाब मोजणारं यंत्र आलं. मास्तरांनी त्याच्याशी कधी वाद घातला नाही, कारण बहुतेक वेळा यंत्रच त्यांच्याशी सहमत असे.

आत्या ही आजोबांची थोरली मुलगी. तिच्या लहानपणातल्या सगळ्या संध्याकाळी त्या कंपनीच्या वासाच्या होत्या. अण्णा घरी यायच्या वेळेला ती आणि तिचा धाकटा भाऊ दारात उभे राहायचे आणि त्यांचे कान बघायचे. कामावरून आंघोळ करून निघाले तरी कानाच्या पाळीमागे भुकटीचा रंग उरायचाच. गुलाबी असला तर रक्तवाढीच्या गोळ्या, पिवळा असला तर व्हिटॅमिनच्या. पांढरा असला की पंचाईत. मग अण्णांना खाली वाकायला लावून वास घ्यायचा आणि पैज लावायची. आई आतून ओरडायची, "अरे, माणसाला घरात तरी येऊ द्या!"

आता त्या दारात बारकी उभी होती. आत्याच्या भावाची मुलगी, वीस वर्षांची, पण घरात सगळ्यांत धाकटी म्हणून बारकी ती बारकीच राहिली. आठवड्यातले चार दिवस ती त्याच कंपनीच्या प्रयोगशाळेत शिकाऊ म्हणून काम करायची, पाचव्या दिवशी कॉलेजात जायची. चार वर्षांनी विज्ञानाची पदवी हातात पडायची होती. दोन झाली होती. या योजनेचा अर्ज आत्याने स्वतः आणून दिला होता. बारकीचे बाबा शाळेत गणित शिकवायचे. त्यांनी तो अर्ज तीन दिवस टेबलावर तसाच पडू दिला होता. "धड विद्यार्थिनी नाही, धड कामगार नाही," ते म्हणाले होते. चौथ्या दिवशी बारकीने तो भरून टाकला.

एरवी दार उघडताना दोन वाक्यं बोलणारी ही पोर आज नुसतीच बाजूला झाली, आणि हातात केकचं खोकं सांभाळत मिस्त्री आत आले.

"मास्तर! जिवंत आहात!"

"तू केक आणणार होतास ना, म्हणून थांबलो."

मशीन चालवायला मिस्त्री आजोबांच्या हाताखाली शिकले होते. मास्तर निवृत्त झाले तेव्हा त्यांचं सात नंबरचं मशीन मिस्त्रींकडे आलं. दर वाढदिवसाला ते आधी मशीनची खुशाली सांगत, मग घरच्यांची. आज ते खुर्चीत बसले, पाण्याचा ग्लास तोंडाला लावला, पुन्हा खाली ठेवला.

"सात नंबर बंद आहे, मास्तर. बुधवारपासून लाल पट्टी लावून ठेवलीय, खून झाल्यासारखी."

आजोबांचा हात शेंगेत थांबला. "काय झालं?"

"गोळीत औषध कमी भरलं म्हणतात. निदान पंच्याण्णव टक्के हवं, चौऱ्याण्णवच्या आसपास आलं. मला समोर बसवून विचारतात, मिस्त्री, घाई झाली का? एकतीस वर्षांत मला एकदा घाई झाली नाही. बायको त्यालाच तर कंटाळलीय." ते हसले, पण एकटेच. "तीन महिने राहिलेत माझे. म्हटलं होतं, एक चहा, दोन भाषणं, की घरी. आता जाताजाता फाइलला हे चिकटणार." मग ते आत्याकडे वळले. "आत्या, रागावू नका हं. तुमच्याकडे काही इकडचं तिकडे झालं नसेल ना?"

कंपनीतही निम्मी माणसं तिला आत्याच म्हणत. ती प्रयोगशाळेतली सर्वांत जुनी तपासनीस.

"वजन मी तपासलंय," आत्या म्हणाली. "माझी सही आहे खाली."

"मग झालंच. तुमची सही असल्यावर आणखी काय हवं."

बारकी उठली आणि स्वयंपाकघरात गेली.

*

आत्या आत गेली तेव्हा बारकी नळ सोडून स्वच्छ ग्लास पुन्हा धूत होती.

"काय गं?"

"काही नाही."

"काही नाही असलं की तू भांडी घासत नाहीस."

बारकीने नळ बंद केला. तिचा आवाज इतका बारीक आला की आत्याला जवळ सरकावं लागलं.

"आत्या, मंगळवारी वजनकाट्याचा प्रिंटर बंद होता. कागदाचा रोल संपला होता."

"माहितीये. म्हणून तर हाताने लिहिलंस आणि सही मी केली."

"माझी वही टेबलावर राहिली होती, काट्याच्या खोलीत नेलीच नव्हती. परत जायला हवं होतं. पण चाचणीच्या मशीनवर माझा नंबर लागला होता, मागे दोघं थांबले होते. मी आकडा हातमोज्यावर लिहिला. मार्करने, इथे, मनगटाशी." तिने ओलं मनगट दाखवलं, जणू अजून तिथे काही दिसणार होतं. "बाहेर आले, हातमोजे काढले, टाकले. आणि मग वहीत लिहायला घेतलं."

आत्याला पुढचं कळलं. तरी तिने विचारलं, "किती लिहिलंस?"

"पन्नास पूर्णांक तीन मिलिग्रॅम. काल मी सगळं पुन्हा मांडून बघितलं. त्रेपन्न पूर्णांक शून्य असेल, मी तीन आणि शून्य उलटे लिहिले असतील, तर सगळं जुळतं, आत्या. त्रेपन्न धरलं तर गोळी साडेनव्व्याण्णव येते. मिस्त्रीकाकांची गोळी बरोबर आहे."

बाहेर मिस्त्री काहीतरी सांगत होते आणि बाबा मोठ्याने हसत होते.

"मी सही केली तेव्हा..." आत्या म्हणाली, आणि थांबली. तिला स्वतःचा तो मंगळवार दिसला. हातात नमुन्यांचा ट्रे, तोंडात पेनचं टोपण. बारकीच्या टेबलाजवळून जाताना तिनेच विचारलं होतं, "सही हवी का गं?" आणि उभ्याउभ्या, तपासणाऱ्याच्या रकान्यात, नेहमीची. काट्याशी उभं राहून आकडा डोळ्यांनी बघणं हेच त्या सहीचं काम. तिने त्या खोलीत पाऊलही टाकलं नव्हतं.

ही सवय जुनी होती. बारकी शाळेत असताना तिची आई हॉस्पिटलात नर्स, आठवड्याचे सहा दिवस दुपारची पाळी. रोज संध्याकाळी दप्तरातून डायरी निघायची. "आत्या, सही." आत्या भाजी ढवळता ढवळता करून टाकायची. डायरीवर कधी पिठाची बोटं उमटायची, कधी तेलाची. एकदा बाईंनी डायरीत लिहिलं होतं की मुलगी वर्गात फार बोलते, आणि त्याखालीही आत्याने न वाचता सही ठोकली होती. बारकीला वाटलं होतं, आत्याला मान्य आहे. दोघी किती वर्षं त्या गोष्टीवर हसल्या होत्या.

"गुरुवारी चौकशीवाल्यांनी तोंडी विचारलं तेव्हा काय सांगितलंस?"

"की लगेच वहीत लिहिलं. तू आधी सांगून आली होतीस ना, बघून सही केली म्हणून. मला वाटलं, मी वेगळं बोलले तर..."

आत्याने पदराला हात पुसले. ते ओले नव्हते. "हे बघ. उद्या नऊला लेखी द्यायचंय. तेच लिही. मी नव्याने वजन करून चाचणी लावायला सांगते. आकडा बरोबर येईल, सात नंबर सुटेल. कारण सापडलं नाही, असं लिहून फाइल बंद होईल."

"आणि मिस्त्रीकाका?"

"त्यांच्यावर काही सिद्ध होणार नाही. संशय राहील. नुसता."

तो शेवटचा शब्द दोघींनीही ऐकला. दारातून तिसऱ्या बाईनेही ऐकला.

*

बारकीची आई मटार घेऊन आली होती. वाडगा तिने ओट्यावर ठेवला आणि दार लोटलं.

"मला कळेल असं सांगा. आकडा चुकला तर गोळी कमी कशी दिसते?"

बारकीने सांगितलं. गोळी मोजायची तर शेजारी शुद्ध औषधाची वजन केलेली भुकटी ठेवून तुलना करतात. भुकटी जास्त घेतली आणि कमी लिहिली, तर तिच्यापुढे चांगली गोळीही कमी पडते.

आईने मान हलवली. वॉर्डात जपून द्यायची इंजेक्शनं ती रोज दुसऱ्या नर्सबरोबर तपासायची. भरलेली सिरिंज दुसरीने डोळ्यांसमोर धरायची, आकडा मोठ्याने वाचायचा, मगच सही. बावीस वर्षांत तिने न बघता एकदाही केली नव्हती, असं नाही. एकदा केली होती. त्या पेशंटला काही झालं नाही, पण ती आठ दिवस जेवली नव्हती. हे तिने नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. आत्ता ते सांगावं असं तिच्या ओठांवर आलं, आणि निघालं भलतंच.

"ताई, तुम्ही तिचं सगळं न बघताच सही करत आलात."

आत्याने वर पाहिलं. "तू घरी नसायचीस."

"नसायचे. ती डायरी मला रविवारी बघायला मिळायची. पानापानावर तुमची सही. मला वाटायचं, आपण एखादी तरी करावी. जागाच नसायची." तिचा आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त लागला. "चांगलं केलंत तुम्ही. मी कधी नाही म्हटलंय? पण आता माझ्या पोरीला खोटं लिहायला सांगू नका."

"आई, आत्याला नको बोलूस! चूक माझी आहे."

"तुझी आहेच गं. तुझी नाही असं कोण म्हणतंय?"

जेवताना टेबलावर जितके चमचे वाजले तितके शब्द वाजले नाहीत. मिस्त्री शहाणे होते. केक संध्याकाळी कापा म्हणून ते लवकर उठले. दारात बारकीच्या डोक्यावर टप्पल मारून म्हणाले, "शिक, पोरी. तुझ्या आत्यासारखी शिक." बारकीने दार लावलं आणि तिथेच, दाराला कपाळ टेकवून, सगळ्यांना ऐकू येईल असं सांगून टाकलं.

*

बाबांचं पहिलं वाक्य ठरलेलं होतं. "सोड ते सगळं. अजून वेळ गेलेली नाही. सरळ कॉलेजात नाव घाल."

"बाबा, मी पळून जाऊ?"

"पळून कुठे? शिकायला. मी पहिल्यापासून म्हणत होतो, अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरीच्या हातात लोकांची औषधं..."

"एकोणिसाव्या वर्षी मी गेले होते," आत्या म्हणाली, "आणि तुझं शिक्षण त्यातून झालं."

बारकीची आई नवऱ्याच्या बाजूला सरकली, मग काय वाटलं कुणास ठाऊक, उठून नणंदेशेजारची खुर्ची घेतली. "ताईंचं काय होईल ते आधी सांगा कुणीतरी."

सांगायला आत्याच होती. तिने ते एखाद्या तिसऱ्याच बाईचं असावं तसं सांगितलं. शिकाऊ माणसाची चूक माफ होते; तोंडी खोटं बोलली म्हणून बारकीला समज मिळेल, फार तर वर्ष वाया जाईल, किंवा काढतीलही, सांगता येत नाही. तपासनिसाने न बघता सही केली तर तिचा सहीचा अधिकार जातो. नव्या साहेबांना प्रयोगशाळेत सगळे पदवीधर हवेत. आत्याकडे पदवी नव्हती. पट्ट्यावरून सरकणाऱ्या गोळ्यांतून तुटक्या वेचायच्या कामापासून ती तिथवर आली होती, बाटल्या विसळत, परीक्षा देत. सहीचा अधिकार हीच तिची पदवी.

आजोबा एवढा वेळ टेबलक्लॉथवरचे पावाचे कण बोटाने एकत्र करत होते.

त्यांना फाटक दिसत होतं. एकतीस वर्षांपूर्वीचं, कंपनीचं. बायको जाऊन महिना झाला होता, मुलगा तेरा वर्षांचा होता, आणि कामावरून सुटताना त्यांनी पाहिलं तर भरतीच्या रांगेत त्यांची मुलगी उभी. हातात कॉलेजच्या प्रवेशाचा कागद होता, त्याच्याच पाठीवर तिने नोकरीचा अर्ज लिहिला होता. दुसरा कागद घरात नव्हता. ते तिला कधी म्हणाले नव्हते की कॉलेज सोड. सोडू नकोस, असंही म्हणाले नव्हते. रांगेत तिच्याशेजारी जाऊन उभे राहिले होते, एवढंच. संध्याकाळी घरी गेले तर मुलगा दारात उभा होता. पैज लावायला बहीण शेजारी नव्हती, म्हणून कान न बघताच तो आत निघून गेला.

"बारके," ते म्हणाले, "तुझं तू सगळं लिही. हातमोजा, खोटं बोललीस ते, सगळं. मिस्त्रीचं नाव साफ झालं पाहिजे." त्यांनी कण बशीत टाकले. "फक्त एवढं लिही, की आत्याने काट्याशी उभं राहून बघितलं होतं. तिच्याही नजरेची चूक झाली, असं होऊ शकतं. माणसाची नजर चुकते."

ज्या माणसाने हलक्या गोळ्यांचं अख्खं पिंप साहेबांसमोर ओतून दिलं होतं, ज्याच्या त्या गोष्टीवर ही दोन पिढ्यांची माणसं वाढली होती, तो हे बोलत होता.

"अण्णा, तुम्ही?" बाबा म्हणाले.

"हो, मी." आजोबा त्यांच्यावर जवळजवळ ओरडलेच. "तिचं एवढंच आहे. तेही मी जाऊ देऊ?"

आत्याला ऊब वाटली. पन्नास वर्षांच्या बाईला बापाने अशी पाखर घातली, की तिला पुन्हा फ्रॉक घालून दारात उभं राहावंसं वाटतं. ती ऊब तिने क्षणभर राहू दिली. पोरीच्या तोंडाकडे पाहिलं. बारकी आजोबांच्या वाक्यावर मान हलवत होती, अगदी मनापासून. ती तसंच लिहिणार होती, आत्यासाठी आनंदाने खोटं लिहिणार होती, आणि पुढे जन्मभर तसंच सफाईने खोटं लिहीत राहणार होती.

"अण्णा," आत्या म्हणाली, "आयुष्यात पहिल्यांदा तुम्ही माझ्यासाठी कुणाकडे काही मागितलंत. आणि मागितलंत ते हे."

आजोबांनी बशी दूर सारली.

"मला बरं वाटलं," ती म्हणाली. "खोटं नाही सांगत. फार बरं वाटलं. पण नको." ती उठली. "बारके, कागद घे. तू स्वयंपाकघरात बस, मी बाहेरच्या खोलीत. एकाच प्रसंगातली दोन माणसं असली की वेगवेगळं बसून लिहायचं, नियम आहे."

"आत्या, मी तुझ्याबद्दल..."

"मला सांगू नकोस. तू काय लिहिणार ते मला कळता कामा नये. जे झालं ते लिही. आणि रडून कागद भिजवू नकोस, शाई फुटते."

*

दोन खोल्यांत दोन बायका लिहीत होत्या आणि मधल्या खोलीत तिघं बसली होती. केकचं खोकं तसंच होतं. स्वयंपाकघरातून पान उलटल्याचा आवाज आला, मग आणखी एक. बाबा हळूच म्हणाले, "शाळेत निबंध एका पानाचा लिहायची नाही." आईला हसू आलं, आणि हसता हसता तिने डोळे पुसले. मग नवऱ्याला म्हणाली, "मला तुम्हाला एक सांगायचंय. वॉर्डातलं. जुनं आहे." ती दोघं खिडकीपाशी गेली.

आजोबा एकटे उरले. थोडा वेळ बसले, मग खुर्चीला धरून उठले आणि बाहेरच्या खोलीच्या दारात गेले.

आत्याचं लिहून झालं होतं. एकच कागद, त्यावर चारच ओळी. तिने तो उलटा केला नाही. आजोबांनी हात पुढे केला तेव्हा दिला.

त्यांनी चष्मा लावला, कागद उजेडाकडे धरला. मंगळवारी काट्यावरचा आकडा मी पाहिलेला नाही. मी काट्याच्या खोलीत गेले नव्हते. टेबलाशी उभी राहून, न पाहता सही केली. गुरुवारी मी पाहिलं असं सांगितलं ते खरं नाही. खाली तिची सही होती, आणि तारीख.

ते बराच वेळ वाचत राहिले. चार ओळींना लागतो त्याहून बराच जास्त वेळ. आत्या त्यांच्याकडे बघत नव्हती. पेनचं टोपण लावत होती, काढत होती.

आजोबांनी कागद तिच्यासमोर टेबलावर ठेवला आणि सहीखालच्या मोकळ्या जागेवर बोट टेकवलं.

"वेळ लिहायची राहिली," ते म्हणाले.

आत्याने घड्याळाकडे पाहिलं. तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. तिने लिहिलं.